संदेश कोठून आला? ऑनलाइन फसवणुकीच्या तपासातील उगमाचा दुवा

पैशाचे व्यवहार आता खेडोपाडी मोबाईलवरून होऊ लागले आहेत. निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, पीकविम्याची भरपाई आणि शासकीय योजनांचे अनुदान थेट बँक खात्यात जमा होते. त्यामुळे लाभार्थ्यांचे हेलपाटे वाचले. तथापि, जी रक्कम काही क्षणांत खात्यात येते ती तितक्याच वेगाने खात्यातून जाऊही शकते, आणि या सोयीचा फायदा लबाडांनीही घेतला आहे. बँकेचा अधिकारी, पोलीस निरीक्षक किंवा वीज कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून आयुष्यभराची बचत लुबाडल्याच्या तक्रारी शहरांतून येतात, तशाच गावांतूनही येतात.

पैसे कोठे गेले, हा फसवणूक झालेल्या व्यक्तीचा पहिला प्रश्न असतो. बँका आणि तपास यंत्रणा त्याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारतात. व्यवहाराची मागणी कोणत्या जोडणीवरून आली? इंटरनेटवरील प्रत्येक संपर्काला उगम असतो आणि त्या उगमाची नोंद कोठे ना कोठे राहते. या नोंदीच्या आधारे फसवणूक कशी ओळखली जाते, या साधनाच्या मर्यादा कोणत्या आणि तिच्यावर अवाजवी विश्वास ठेवल्यास निरपराध माणसावर कसा प्रसंग ओढवतो, हे लोकांच्या तक्रारी प्रथम ज्यांच्या कानी येतात त्या अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

अंकांचा पत्ता

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविली जाते. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. हे पत्ते अंकांत लिहिलेले असून त्यांना आयपी पत्ता म्हणतात. जुन्या व अद्याप मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या पद्धतीत हा पत्ता ० ते २५५ पर्यंतच्या चार संख्यांचा असतो. २०३.०.११३.२५ हा त्याचा नमुना होय. या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होऊ शकतात. प्रारंभी ही संख्या विपुल वाटली. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे मोठे गट वाटून संपले. नव्या पद्धतीत पत्ता बराच लांब असल्याने पत्त्यांचा तुटवडा नाही. सध्या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

हे पत्ते कोणी मनास येईल तसे घेऊ शकत नाही. जगाचे पाच विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक नोंदणी संस्था नेमलेली आहे. आशिया व प्रशांत महासागर विभागाची 'एपनिक' ही संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. भारतात पत्त्यांच्या वाटपाचे काम 'निक्सी' या संस्थेच्या अखत्यारीतील 'आयरिन' ही नोंदणी शाखा पाहते. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका आणि शासकीय जाळी यांना पत्त्यांचे गट दिले जातात. मोठ्या जाळ्यांना स्वतंत्र क्रमांकही असतो, आणि कोणता गट कोणत्या जाळ्यामार्फत गाठता येतो हे त्या क्रमांकावरून जगभरच्या यंत्रांना समजते. कोणता गट कोणाच्या नावे आहे, हे या संस्थांच्या नोंदवह्यांत कोणालाही पाहता येते.

महाराष्ट्रातील वाचकाला सातबाराच्या उताऱ्यावरून हा प्रकार सहज उमजेल. उताऱ्याच्या सातव्या नमुन्यात जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसते. त्या हंगामात तेथे कोणते पीक होते, ते बाराव्या नमुन्यात पाहावे लागते. आयपी पत्त्यांची जाहीर नोंदवही सातव्या नमुन्यासारखी आहे. पत्ता अमुक दूरसंचार कंपनीच्या गटातील आहे, इतके तिच्यावरून कळते. अमुक दिवशी अमुक वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते आणि कायदेशीर मागणीशिवाय ती कोणासही मिळत नाही.

पाठविणाऱ्याचा पत्ता खोटा का लिहिता येत नाही?

टपालाच्या पाकिटावर मागील बाजूस कोणीही खोटा पत्ता लिहू शकतो, मग येथे तसे का करता येत नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एकतर्फी संदेशावर खोटा पत्ता घालणे शक्य आहे. परंतु बँकेच्या संकेतस्थळावर व्यवहार करावयाचा तर दोन्ही बाजूंनी अनेकदा बोलणे व्हावे लागते. बँकेचे यंत्र प्रथम उत्तर पाठवून जोडणी पक्की करते, आणि हे उत्तर पुडक्यावर लिहिलेल्या पत्त्यावरच जाते. पत्ता खोटा असल्यास उत्तर भलतीकडे जाईल व व्यवहार सुरूच होणार नाही. यास्तव बँकेला दिसणारा पत्ता हा कोणत्या तरी प्रत्यक्ष जोडणीचा असतो.

याच कारणामुळे भामटे सहसा पत्ता खोटा लिहीत नाहीत, ते दुसऱ्याचा पत्ता वापरतात. तो कसा, हे पुढे येईल.

बँका या माहितीचा उपयोग कसा करतात?

ग्राहक खात्यात प्रवेश करतो तेव्हा परवलीच्या शब्दाबरोबर अनेक गोष्टी तपासल्या जातात. जोडणी कोणत्या देशातून व कोणत्या जाळ्यातून आली, ते जाळे घरगुती वा मोबाईल ग्राहकांचे आहे की भाड्याने संगणक देणाऱ्या केंद्राचे, यंत्र ओळखीचे आहे की नवे, आणि वेळ व रक्कम ग्राहकाच्या नित्याच्या सवयीशी जुळते की नाही, या बाबींचा त्यात समावेश होतो.

समजा, सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक नेहमी आपल्या एकाच मोबाईलवरून खाते पाहतात. एके दिवशी सकाळी दहा वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे शिल्लक पाहिली, आणि वीस मिनिटांनी त्याच खात्यात परदेशातील संगणक केंद्राच्या पत्त्यावरून, नव्या यंत्राने प्रवेश होऊन मोठी रक्कम नव्या खात्यावर पाठविण्याची मागणी आली. वीस मिनिटांत कोणीही माणूस साताऱ्याहून परदेशी पोहोचू शकत नाही. ही विसंगती यंत्राच्या लगेच ध्यानात येते. अशा वेळी व्यवहार थांबवून ग्राहकाकडे विचारणा करता येते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाबाबत काढलेल्या निर्देशांतही व्यवहाराचे ठिकाण, ग्राहकाची सवय, यंत्राचे गुणविशेष आणि पूर्वीचे व्यवहार यांच्या आधारे जोखीम पारखण्यास वाव दिला आहे. हे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्याचे ठरविण्यात आले.

उगमाची विसंगती किती मोठी असू शकते, याचे उदाहरण पुण्यातच घडले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. त्यांपैकी बहुतांश रक्कम बनावट कार्डांच्या साहाय्याने, काही तासांच्या अवधीत, २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. एका सहकारी बँकेची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत वापरली जाणे ही विसंगती उघड होती. परंतु गुन्हेगारांनी बँकेच्या कार्ड व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेच्या जागी आपली बनावट व्यवस्था उभी केली होती, आणि मंजुरी तीच देत होती. चौकीवरील पहारेकरीच बदलला गेला तर येणाऱ्याची चौकशी कोण करणार? उगमाची तपासणी एकाच ठिकाणी अवलंबून न ठेवता अन्यत्रही व्हावी, हा धडा या घटनेतून मिळतो.

या माहितीचा आणखी एक उपयोग आहे. लुबाडलेली रक्कम बहुधा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरविली जाते. कमिशनच्या आमिषाने आपले खाते व एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणारे लोक गावोगावी आढळतात. खातेदार वेगवेगळ्या जिल्ह्यांतील असले तरी अशी वीस-पंचवीस खाती एकाच यंत्रावरून अथवा एकाच जोडणीवरून चालविली जात असल्याचे दिसले, तर त्यामागे एकच टोळी असल्याचा संशय बळावतो आणि ती सर्व खाती एकदम तपासता येतात. आपले खाते असे भाड्याने देणाऱ्याचे नाव मात्र तपासात सर्वांत आधी पुढे येते.

दूरध्वनीचा उगम

वर सांगितलेली तपासणी एका प्रकारच्या फसवणुकीत अपुरी पडते. पोलीस किंवा न्यायालयीन अधिकारी असल्याचे भासवून, तथाकथित 'डिजिटल अटके'ची भीती घालून ग्राहकाकडूनच पैसे पाठविले जातात, तेव्हा व्यवहार ग्राहकाच्या घरातून, त्याच्याच मोबाईलवरून, त्याच्याच बोटाने झालेला असतो. बँकेच्या यंत्रास उगम निर्दोष दिसतो. अशा वेळी दूरध्वनीचा उगम शोधावा लागतो.

परदेशात बसलेल्या टोळ्या भारतीय क्रमांक दिसेल अशी योजना करून दूरध्वनी करतात. क्रमांक भारतीय, पण दूरध्वनी आला आंतरराष्ट्रीय मार्गाने, ही विसंगती दूरसंचार जाळ्याच्या प्रवेशद्वारावर पकडता येते. केंद्रीय दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे दूरध्वनी रोखणारी व्यवस्था सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख बनावट दूरध्वनी अडविण्यात आल्याचे शासनाने जाहीर केले. भारतीय क्रमांक दाखवून परदेशातून आलेल्या दूरध्वनींपैकी हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते.

भामट्यांनी यावरही तोड शोधली आहे. अनेक सिम कार्डे एकाच यंत्रात बसवून परदेशातून इंटरनेटवरून आलेला दूरध्वनी देशातल्या देशात केल्यासारखा पुढे पाठविला जातो. या यंत्रांना 'सिम बॉक्स' म्हणतात. अशी यंत्रे भाड्याच्या खोल्यांत गुपचूप चालविली जातात आणि त्यांना लागणारी सिम कार्डे अनेकदा भोळ्या माणसांच्या कागदपत्रांवर घेतलेली असतात. आपल्या नावे किती मोबाईल क्रमांक चालू आहेत हे 'संचार साथी' या शासकीय सुविधेवर पाहता येते. तेथील 'चक्षू' या विभागात संशयास्पद दूरध्वनी व संदेशांची माहितीही देता येते.

उसना पत्ता

दुसऱ्याचा पत्ता वापरण्याचा सर्वपरिचित मार्ग म्हणजे व्हीपीएन. यात वापरणाऱ्याची सर्व वाहतूक प्रथम मधल्या एका यंत्राकडे जाते व तेथून पुढे निघते. पलीकडच्या टोकाला मधल्या यंत्राचाच पत्ता दिसतो. ही सोय मुळात गैर नाही. कार्यालयाबाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी शासकीय खाती व कंपन्याही तिचा वापर करतात. यास्तव व्हीपीएन दिसले म्हणजे गुन्हेगार सापडला, असे मानता येत नाही. भारतात एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांचा तपशील पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक करण्यात आले आहे.

अशा मधल्या यंत्रांचे पत्ते बहुधा संगणक केंद्रांच्या गटांतील असल्याने ते ओळखता येतात. म्हणून भामट्यांना सामान्य घरांतील पत्ते हवे असतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये '९११ एस ५' नावाच्या एका जाळ्याचा बीमोड केल्याचे जाहीर केले. जगभरच्या जवळजवळ २०० देशांतील १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते या जाळ्याच्या कह्यात होते. लोकांनी फुकट मिळणारे व्हीपीएन प्रोग्राम आपल्या संगणकावर घेतले आणि त्यांच्या नकळत त्यांच्या घरची जोडणी परक्यांना भाड्याने दिली गेली. कोविडच्या काळात अमेरिकेने बेकारांना जे अर्थसाह्य दिले, त्यासाठी या पत्त्यांवरून ५ लाख ६० हजार खोटे अर्ज करण्यात आले आणि ५९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली, असे त्या विभागाचे म्हणणे आहे. तपासणाऱ्या यंत्रांना हे अर्ज साध्या नागरिकांच्या घरांतून आल्यासारखे दिसत होते.

फुकट म्हणून अनोळखी प्रोग्राम किंवा ॲप घेणाऱ्यास त्यातील धोका बहुधा जाणवतही नाही. त्याचे स्वतःचे पैसे जात नाहीत. परंतु गुन्ह्याच्या नोंदीत त्याच्या घराचा पत्ता उमटतो.

दुवा आणि पुरावा यांतील अंतर

आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या सूची काही कंपन्या तयार करतात. देशाच्या बाबतीत त्या बहुतेक वेळा बरोबर ठरतात. शहर व गाव यांबाबत मात्र त्यांचा भरवसा धरता येत नाही. मोबाईल कंपनीची वाहतूक मोठ्या शहरातील केंद्रातून बाहेर पडत असल्यास गडचिरोलीचा ग्राहक नागपूरचा किंवा मुंबईचा दिसू शकतो.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेतघर आहे. ठिकाणांची सूची करणाऱ्या एका कंपनीने ज्या पत्त्यांबद्दल केवळ 'अमेरिका' इतकीच माहिती होती, त्या सर्वांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू भरून टाकला. तो बिंदू नेमका या शेतावर पडला. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका शेताच्या नावे दिसू लागले. परिणामी चोरी, फसवणूक आणि बेपत्ता व्यक्ती यांच्या शोधात पोलीस, कर अधिकारी व संतप्त नागरिक वर्षानुवर्षे त्या घराचे दार ठोठावत राहिले. घरातील माणसांचा कशाशीही संबंध नव्हता. २०१६ मध्ये हा प्रकार उजेडात आल्यावर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला. ठाऊक नसलेल्या गोष्टीच्या जागी नकाशावर खूण केल्याने हा अनर्थ झाला.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण २००७ सालचे आहे. एका संकेतस्थळावरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याच्या आधारे बंगळूर येथील एका संगणक व्यावसायिकास अटक केली. सेवा पुरविणाऱ्या कंपनीने त्या पत्त्याचा ग्राहक म्हणून त्याचे नाव कळविले होते. ती माहिती चुकीची निघाली. हा माणूस सुमारे ५० दिवस तुरुंगात होता. प्रकरण फसवणुकीचे नव्हते. पण पत्त्यावरून माणूस शोधण्याची पद्धत तीच होती.

ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकाच पत्त्यावरून शेकडो अर्ज येणे हे शहरातील बँकेला संशयास्पद वाटू शकते. परंतु 'आपले सरकार' सेवा केंद्रातून संपूर्ण गावाचे अर्ज एकाच जोडणीवरून भरले जातात. शाळेतील शिक्षक वर्गातील सर्व विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच संगणकावरून भरतात. केवळ उगम समान म्हणून असे अर्ज बाजूला काढले, तर ज्यांच्याकडे स्वतःचे साधन नाही त्यांनाच त्याचा फटका बसेल. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने पत्त्याबरोबर बँक खाते, मोबाईल क्रमांक व कागदपत्रे यांचीही पडताळणी केली पाहिजे. शंभर अर्ज एका केंद्रातून येणे स्वाभाविक आहे. शंभर अर्जांची रक्कम एकाच खात्यात जाणे स्वाभाविक नाही.

साध्या गणितानेही ही गोष्ट पटते. समजा, १० लाख व्यवहारांत १०० फसवे आहेत आणि तपासणी शंभरांपैकी ९९ वेळा बरोबर ठरते. ती ९९ फसवे व्यवहार पकडेल. पण उरलेल्या ९,९९,९०० प्रामाणिक व्यवहारांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९९ व्यवहारांवरही ती संशय घेईल. संशयितांच्या यादीत दर १०२ नावांत खरा भामटा जेमतेम एक असेल. यावरून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. दहा लाखांतून दहा हजार वेगळे काढणे ही मोठीच मदत आहे. मात्र संशयानंतरचे पाऊल दुसऱ्या चौकशीचे असावे, शिक्षेचे नसावे.

वेळेची नोंद सर्वांत महत्त्वाची

जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा तुटवडा असल्याने मोबाईल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरावयास देतात. या ग्राहकांना परस्परांपासून वेगळे ओळखण्यासाठी प्रत्येक जोडणीला एक पोर्ट क्रमांक दिलेला असतो. एखाद्या वाड्याचा घरक्रमांक एक आणि आत खोल्या अनेक, असा हा प्रकार आहे. बँकेने अथवा संकेतस्थळाने केवळ पत्ता नोंदविला व पोर्ट क्रमांक नोंदविला नाही, तर तपास वाड्याच्या दारापर्यंत येऊन थांबतो.

वेळ चुकल्यास त्याहून वाईट घडते. पत्ते सतत हातोहात फिरत असतात. आता जो एका ग्राहकाकडे आहे तो थोड्या वेळाने दुसऱ्याकडे जातो. अनेक यंत्रे आपली नोंद जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेतील दुपारी ३ वाजून १० मिनिटे म्हणजे भारतातील रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटे. कोणती वेळ हे न लिहिता पत्रव्यवहार झाला, तर कंपनी प्रामाणिकपणे दुपारच्या ग्राहकाचे नाव कळवील आणि रात्रीचा गुन्हा त्याच्या माथी बसेल. संगणक सुरक्षेसाठी नेमलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे, त्याचे कारण हेच. त्याच निर्देशांनुसार यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. तक्रार उशिरा झाल्यास नोंदच नाहीशी झालेली असू शकते.

या नोंदी न्यायालयापुढे मांडावयाच्या तर त्यांसोबत विहित प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये या प्रमाणपत्राची आवश्यकता अधोरेखित केली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६३ मध्येही तशी तरतूद आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रक्कम खात्यांतून पुढे सरकत असल्याने पहिले काही तास मोलाचे असतात. घरच्यांना काय वाटेल या संकोचाने लोक दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसा व पुरावा दोन्ही हातचे जातात. सरपंच, शिक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी अशा व्यक्तीला दोष न देता प्रथम तक्रार नोंदविण्यास मदत करावी.

तक्रारीत व्यवहाराची तारीख, तास व मिनिटे, व्यवहार क्रमांक, रक्कम, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील आणि दूरध्वनी आलेला क्रमांक नमूद करावा. आलेले संदेश पुसून टाकू नयेत. ईमेल आला असल्यास मूळ ईमेल तसाच ठेवावा. तो कोणकोणत्या यंत्रांतून आला याच्या नोंदी त्याच्या शीर्षभागात असतात आणि ईमेल पुढे पाठविल्यास बहुधा त्या सोबत जात नाहीत. मोबाईल दुरुस्तीला देऊन त्यातील माहिती घालवू नये.

ग्रामपंचायत व शाळा यांनी आपल्या जोडणीचीही काळजी घेतली पाहिजे. कार्यालयाच्या वायफायचा परवलीचा शब्द भिंतीवर लिहिलेला असेल, तर ती जोडणी कोणीही वापरू शकतो आणि नोंद मात्र कार्यालयाच्या नावे होते. राऊटर बसविताना कंपनीने दिलेला मूळ परवलीचा शब्द बदलावा. सेवा केंद्रातील संगणक कोणत्या वेळी कोणी वापरला याची साधी वही ठेवली, तरी प्रसंगी ती केंद्रचालकाचा मोठा आधार ठरते.

उगमाची नोंद हे तपासाचे मोलाचे साधन आहे. टपालाच्या शिक्क्यावरून पत्र कोणत्या कचेरीतून निघाले ते कळते. पत्र कोणी लिहिले ते शोधण्यासाठी अक्षर पाहावे लागते, साक्षीदार विचारावे लागतात. तेच येथेही करावे लागते. वेळेची अचूक नोंद, तत्काळ तक्रार आणि शांतपणे केलेली दुसरी चौकशी यांची जोड मिळाली, तरच या साधनाने लुबाडणाऱ्याचा माग लागेल आणि निरपराध माणूस त्यात भरडला जाणार नाही. हे काम यंत्रांवर सोपवून भागणारे नाही. गावातील शाळा, पंचायत आणि कार्यालये यांनी दैनंदिन कामात ही दक्षता बाळगली, तर त्याचा प्रत्यक्ष लाभ गावातील प्रत्येक खातेदाराला होईल.